कनिशायचा घेवडा कोणी जाळला?

१

मंगळवारी सकाळी मी गाईची धार काढत होते. तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून ओरडली, "एजे, अहो एजे! कनिशायच्या शेतात कुणीतरी विष घातलंय! अख्खा घेवडा जळाला!"

"हळू बोल," मी म्हटलं. "गाय दचकली की दूध चोरते."

पण हात थांबला. घेवडा म्हणजे आमच्या तालासच्या खोऱ्यात चेष्टा नव्हे. दुसरं पीक आम्ही जवळजवळ विसरलोय. घरं घेवड्यावर उभी राहतात, लग्नं घेवड्यावर होतात. बादली तशीच ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले.

मी बुरुलसुन. एकतीस वर्षं माती तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हा मी एक लाकडी पेटी घरी आणली, तीत काचेच्या नळ्या, भिंग आणि चिमटे. अख्ख्या गावाची मी एजे, म्हणजे थोरली बहीण. कुणाचं पीक पिवळं पडलं की लोक माझ्याकडे येतात, आणि पीक सुधारलं की नमस्कार करायलाही विसरतात.

शेतावर निम्मं गाव जमलं होतं. कनिशाय बांधावर रबरी बूट घालून ताठ उभी होती. अडतीस वर्षांची बाई. तिचा नवरा, तुरात त्याचं नाव, दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून तिला रडताना कुणी पाहिलं नाही आणि कुणापुढे हात पसरतानाही नाही. नदीकाठच्या उंच, दगडगोट्याच्या जमिनीवर तिचं अर्धा हेक्टर शेत. घेवडा जेमतेम पाच आठवड्यांचा. पानांच्या कडा तपकिरी पडून चुरगळल्या होत्या, कुठेकुठे रोपं आडवी झाली होती.

"पाण्यातून घातलंय," कनिशाय म्हणाली. "माझ्या पाटाच्या फळीला हात लावणारा एकच माणूस आहे."

सगळ्यांनी झारलिककडे पाहिलं. झारलिक आमचा पाटकरी. बावीस वर्षं कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते तोच ठरवतो. एप्रिलमध्ये पाट फुटला तेव्हा कनिशायची पाण्याची पाळी त्याने दुसऱ्याला दिली होती, त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. तो पाटाच्या कडेला हातात टोपी धरून उभा होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

"बोल ना रे बाबा!" मी म्हटलं. "नाही म्हण, हो म्हण, काहीतरी म्हण!"

त्याने मान खाली घातली.

एसेनाली अता, म्हणजे गावाला बापाच्या जागी, पुढे आले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीचे ते प्रमुख. भांडण असो, घटस्फोट असो, आमच्याकडे पहिला निवाडा तीच बैठक करते. ते म्हणाले, "शुक्रवारी नमाजानंतर बैठक. झारलिकने पाण्यात विष घातलं असं ठरलं तर त्याचं फावडं काढून घेऊ."

ही लहान शिक्षा नव्हे. ज्या पाटकऱ्याचं फावडं काढून घेतात त्याला आमच्या गावात कुणी सलाम करत नाही. त्याच्या घरातल्या लग्नाला जात नाहीत, मयताला जात नाहीत. त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं.

"बुरुलसुन," अता माझ्याकडे वळले, "तू तोवर माती बघ."

"तीन दिवसांत? माझी प्रयोगशाळा आता एका पेटीत मावते, अता."

"मग पेटी उघड."

मी कुरकुरत शेतात उतरले. एकेक सरी बघत घराच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात गेले, आणि तिथे माझे पाय थबकले. जर्दाळूच्या झाडापाशी, दोन खोल्यांएवढ्या जागेत घेवडा उभा होता. गर्द हिरवा, गुडघ्याएवढा, कळ्यांनी लगडलेला. एकतीस वर्षांत इतका देखणा घेवडा मी पाहिला नव्हता.

विष घालणाऱ्याने हा कोपरा का सोडला? आणि नुसता सोडला असता तर इथला घेवडा चारचौघांसारखा असता. हा तर लाड केल्यासारखा दिसत होता.

२

घरी येऊन शेतातून आणलेली पानं आणि माती टेबलावर मांडली आणि भिंग काढलं.

तणनाशक असतं तर कोवळी पानं पिळवटली असती. इथे कोवळी पानं बरी होती, जुनी जळाली होती. खारट पाणी असतं तर मातीवर पांढरा पापुद्रा आला असता. मी माती जिभेवर ठेवून पाहिली, खारट नव्हती. तुम्ही तोंड वाकडं करू नका, आमच्या धंद्यात जीभ हेच पहिलं यंत्र. रोग म्हणावा तर डाग नव्हते. नुसती कड, जुन्या पानाची कड, सुरीने आखल्यासारखी भाजलेली.

असं एकच द्रव्य करतं. बोरॉन.

आता हे बोरॉन काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पिकाला नत्र लागतं, पालाश लागतं, स्फुरद लागतं. ही मंडळी पाहुण्याला आग्रहाने वाढावं तशी थोडी जास्त वाढली तरी बिघडत नाही. जस्त चिमूटभर लागतं. आणि बोरॉन? ते नसेल तर झाडाचा शेंडा मरतो, फुलं गळतात, शेंगा पोकळ राहतात. दिलं की झाड हसतं. पण त्याची भूक आणि अजीर्ण यांच्यात एका चमच्याचं अंतर. बीट कितीही बोरॉन पचवतं, घेवड्याचं पोट मात्र फार नाजूक. औषध कुठे संपतं आणि विष कुठे सुरू होतं ते समजायच्या आत पानं भाजतात.

बुधवारी सकाळी मी कनिशायच्या पाटाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले. मुख्य पाटातून तिच्या एकटीच्या शेतात पाणी जातं तिथे एक लाकडी फळी आहे. फळीच्या खाचेत पांढरे कण अडकले होते. साखर म्हणावी तर चिकट नव्हते, मीठ म्हणावं तर चव नव्हती.

दवाखान्यातल्या नर्सबाईकडून वाटीभर स्पिरिट मागून आणलं.

"एजे, या वयात?" ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यासारखं प्यायला नकोय मला. काडेपेटी दे."

तिच्याच ओट्यावर, बशीत कण टाकले, वर स्पिरिट ओतलं, काडी लावली. आधी निळी ज्योत आली. मग कडेने हिरवी झाली, अगदी गवती हिरवी. नर्सबाई दोन पावलं मागे सरकली.

"जादू आहे का?"

"बोरिक पावडर आहे. तुम्ही झुरळं मारायला घालता ती."

म्हणजे पाण्यातून बोरॉन गेलं होतं हे नक्की झालं. आणि त्या फळीला झारलिकशिवाय कुणी हात लावत नाही हेही अख्ख्या गावाला माहीत होतं. तरी मला ते पटेना. कारण झारलिकला मी लहानपणापासून ओळखते, आणि तो मुंगी मारायच्या आधी तिची माफी मागेल असा माणूस आहे.

३

झारलिकच्या घरी गेले. त्याच्या मुलीने चहा ओतला, कणकेचे ताजे तळलेले बोरसोक पुढे केले आणि बाहेर गेली. झारलिक पेल्यात बघत बसला.

"मी हिरवी ज्योत पाहिली," मी म्हटलं.

"मग विचारता कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मीच घातलं, एजे." त्याने पेला खाली ठेवला. "पहिल्या पाण्याच्या वेळी. तीन किलो बोरिक पावडर कोमट पाण्यात विरघळवली आणि फळीपाशी हळूहळू सोडली. फक्त तिच्या पाटात. मुख्य पाटात थेंब गेला नाही, मुलीची शपथ."

"का?"

"एप्रिलमध्ये तिची पाळी दुसऱ्याला दिली ना मी. पाट फुटला होता, इलाज नव्हता, पण तिची जमीन तडकली. माझं मन मला खात होतं. गेल्या वर्षी तिच्या शेंगा पोकळ निघालेल्या, म्हटलं, एवढं तरी करू. सांगून घेतलं असतं का तिने? आठवतंय ना, गेल्या हिवाळ्यात कुणीतरी तिच्या दारात पिठाचं पोतं ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी तेच पोतं त्याच्या फाटकाला टांगलेलं!"

आठवत होतं. तुरात वारल्यावर तिचं छप्पर शाकारायला गावाने आशार बोलावला होता. आशार म्हणजे घरटी एक माणूस, सगळे एकदम येतात, काम उरकतात, जेवतात आणि जातात. कनिशायने सगळ्यांना फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाली, मला हात आहेत. त्यानंतर तिच्यासाठी काही करायचं तर चोरून, हे गावाला कळून चुकलं होतं.

"मग शुक्रवारी हे सांग ना सगळ्यांना!"

"काय सांगू? औषध म्हणून घातलं आणि शेत मारलं? पाटकऱ्याने पाण्यात काही घालायचं नसतं, एजे. मी घातलं, घेवडा जळाला. फावडं घेऊ देत."

मी उठले. गुन्हा सापडला, गुन्हेगाराने कबूल केलं, मला हायसं वाटायला हवं होतं. पण फाटकापर्यंत पोचायच्या आतच डोक्यात हिशेब सुरू झाला. अर्धा हेक्टर. तीन किलो. तीन किलोने अर्धा हेक्टर जळत नाही. तीन किलो ही तर बरोबर मात्रा होती. त्या दगडाळ जमिनीला, त्या पिकाला अगदी मापात बसणारी.

"झारलिक!" मी मागे वळून ओरडले. "तीन किलो हे तुला कुणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. "ऐकलं होतं कुठेतरी," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

४

मी पुन्हा शेतात गेले. या वेळी पानं नाही पाहिली, दूर बांधावर उभी राहून अख्खं शेत पाहिलं. हे काम मंगळवारीच करायला हवं होतं.

पाटाच्या तोंडाशी रोपं जास्त जळाली होती, पुढे सरीत हळूहळू कमी. ते झारलिकच्या पाण्याचं. पण त्यावर आडवे पट्टे होते! सहा पावलं जळकं, दोन पावलं जरा बरं, पुन्हा सहा पावलं जळकं. पाणी असे पट्टे ओढत नाही. असे पट्टे माणूस ओढतो, घाईघाईत मुठीने फेकत जाणारा. आणि त्याही खाली, बियाण्याच्या ओळीलगत, सगळीकडे सारखी एक बारीक भाजलेली रेघ. ती पेरणीबरोबर गेलेल्या खताची. ती रेघ घराकडच्या शेवटच्या ओळींत नव्हती.

तीन हात होते या शेतात. निदान तीन.

गुरुवारी सकाळच्या गाडीने तालुक्याच्या बाजारात गेले. जनावरांच्या औषधांचं एकच दुकान, मालकीण जाडजूड आणि बोलघेवडी.

"बोरिक पावडर?" ती म्हणाली. "तुमच्या गावात झुरळं फार माजली का हो, एजे? या वसंतात तिघं येऊन गेले. आणि प्रत्येकाला तीन किलोच हवी! तीन किलोत मी तुमचा अख्खा जिल्हा झुरळमुक्त करीन!"

"कोण कोण?"

"नावं कोण विचारतं? एकाचे बूट चिखलाने भरलेले, सारखा सॉरी सॉरी म्हणत होता."

झारलिक.

"दुसऱ्याच्या अंगाला घोड्याचा वास. पावडर खोगिराच्या पिशवीत लपवली, वरून कांदे टाकले."

गावात घोड्यावरून बाजाराला येणारा एकच उरलाय. तिलेबाल्दी, कनिशायचा धाकटा दीर.

"आणि तिसरी बाई होती. भाव केला नाही, मी चहा देत होते तर बसली नाही. म्हणाली, कुणाचं काही घेत नाही मी."

ही कोण ते मला जागच्या जागी कळलं. अशी बाई खोऱ्यात दुसरी नाही. पण ते नाव मी तोंडातून काढलं नाही, आणि पुढेही काढणार नव्हते.

परतताना तिलेबाल्दीच्या कुरणावर उतरले. गावात बोललं जात होतं की भावाची जमीन याला हवी आहे, वहिनी दमली की आपोआप हातात येईल. तो घोड्याचे नाल बघत होता. मी नुसतं "कांद्यांखाली काय होतं रे?" म्हटलं, आणि तो मटकन खाली बसला.

"तुरातने जाताना माझा हात धरला होता, एजे. म्हणाला, तिला एकटी पडू देऊ नको. आता मदत करायला गेलो की ती म्हणते, जमीन बघायला आलास का? मग काय करू? पेरणी झाली त्या पहाटे घोड्यावरूनच फेकत गेलो. घराजवळ कुत्रं भुंकतं म्हणून तो कोपरा सोडला." त्याने नाक पुसलं. "मीच मारलं ना तिचं शेत? झारलिक माझ्यापायी मरतोय, आणि मी शेळीसारखा गप्प बसलोय."

"कुणी कुणाला मारलेलं नाही," मी म्हटलं. "आणि तीन किलो तुला कुणी सांगितलं?"

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "तुम्ही थट्टा करताय का?"

५

खताची रेघ उरली होती. खत विकणारा गावात एकच, मेलिस. घेवडाही तोच विकत घेतो. गेल्या वर्षी त्याने कनिशायकडे शेत खंडाने मागितलं होतं आणि तिने त्याला फाटकाबाहेर चहाही न देता वाटेला लावलं होतं. संशय घ्यायला इतकं पुरेसं होतं.

मी त्याच्या गोदामात गेले आणि पोत्यावर बसले.

"मेलिस, कनिशायच्या खतात काय मिसळलंस?"

"मी? काय मिसळणार? नत्र, स्फुरद, पालाश. पोत्यावर लिहिलंय की!"

"आणि न लिहिलेलं?"

चाळिशीतला, पोट सुटलेला माणूस, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "तीन किलो बोरिक. माझ्याकडच्याच साठ्यातली. नीट चाळून, सारखी मिसळून. चांगल्या घेवड्याशिवाय माझा ट्रक भरत नाही, म्हणून."

"फक्त ट्रकसाठी?"

"एजे, तुम्ही माती तपासा ना. माणसं कशाला तपासता?"

मला हसू आलं. बिचारा खंडाने शेत मागायला गेला होता की आणखी काही मागायला, ते मी विचारलं नाही. तो पुढे पुटपुटला, "खत शेवटच्या चार-पाच ओळींना पुरलं नाही म्हणाली. दुसरं पोतं फुकट देत होतो, घेतलं नाही."

"बरं. एवढं सांग आणि मी जाते. तीन किलो हा आकडा कुठून आणलास? गावात ज्याला विचारावं तो तीनच म्हणतो."

मेलिस आ वासून बघत राहिला. "कुठून म्हणजे? तुमच्याचकडून!"

"माझ्याकडून?"

"तुरातच्या वर्षाच्या जेवणात! तुम्ही शेंग सोलून सगळ्यांना दाखवलीत, पोकळ निघाली. आणि मोठ्याने म्हणालात, 'या जमिनीला बोरॉनची भूक आहे. तीन किलो बोरिक पावडर घाला, पुढच्या वर्षी हे शेत हसेल.' झारलिक समोर होता, तिलेबाल्दी मांस वाढत होता, मी तुमच्या शेजारी होतो. विसरलात?"

मी विसरले नव्हते. बोलले होते आणि सोडून दिलं होतं, जसं आपण जेवताना शंभर गोष्टी बोलतो. एकतीस वर्षं प्रत्येक शेतकऱ्याला कागदावर लिहून दिलं: किती, केव्हा, आणि एकदाच. त्या दिवशी कागद नव्हता, समोर शेतकरीण नव्हती, पोट भरलेलं होतं आणि ऐकायला लोक होते. 'एकदाच' म्हणायचं राहिलं. 'एकानेच' म्हणायचं तर सुचलंही नाही.

मी पोत्यावरून उठले आणि सुटलेला रुमाल पुन्हा बांधला. तीन दिवस मी ज्याला शोधत होते तो माणूस माझ्याच रुमालाखाली होता.

६

शुक्रवारी नमाज आटोपून सगळे पॉप्लरच्या रांगेखाली जमले. म्हातारे गालिच्यावर, बाकीचे उभे. झारलिकने फावडं धुऊन, पुसून आणलं होतं आणि अतांच्या पुढ्यात आधीच ठेवलं होतं. त्याची मुलगी लांब उभी राहून ओठ चावत होती. ते बघवेना.

"बोल, बुरुलसुन," अता म्हणाले.

"झारलिकने कनिशायच्या पाटात बोरिक पावडर सोडली," मी म्हटलं. एकच कुजबुज उठली. "थांबा! तीन किलो. ते औषध होतं, आणि मात्रा बरोबर होती. तेवढ्यावर सगळं राहिलं असतं तर आज आपण घेवडा बघायला रांग लावली असती. पण तिलेबाल्दीनेही तीन किलो फेकली. आणि मेलिसने खतातून तीन किलो दिली. तिघांनी चोरून दिली, कारण उघड दिलेलं घेतलं जात नाही. म्हणून कुणाला कुणाचं कळलं नाही. आशार असता तर सगळे एका जागी आले असते, एकाने घातलं असतं, दुसरा म्हणाला असता, अरे झालं की घालून! सुटंसुटं केलं आणि औषधाचं विष झालं."

मेलिस आणि तिलेबाल्दी पुढे आले आणि झारलिकच्या शेजारी उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"तिघांना एकच आकडा कुणी दिला? मी दिला. तुरातच्या वर्षाच्या जेवणात, बढाई मारत, अर्धवट." मी अतांकडे वळले. "कुणाचं काही काढून घ्यायचं असेल तर माझी पेटी घ्या. फावडं त्याचं त्याला द्या."

अतांनी दाढी कुरवाळली. "तीन त्रिक नऊ. नऊ किलोत एवढं जळतं?"

हा म्हातारा शाळेत गणित शिकवायचा हे मी विसरले होते.

"बारा होते," मी म्हटलं. "चौथ्याचं नाव मी सांगणार नाही."

"का?"

"त्याने कुणाचंच काही बिघडवलं नाही, म्हणून."

 मग बायकांच्या घोळक्यातून कनिशाय पुढे आली. तेच रबरी बूट. ती गालिच्याच्या कडेला थांबली आणि समोर बघत म्हणाली, "चौथे तीन किलो माझे."

"तुझे?" अता म्हणाले.

"एजेंनी सांगितलं तेव्हा मी पडद्यामागे चहा ओतत होते. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत स्वतः आणली. वाळूत मिसळून सगळ्या शेतात सारखी पेरली, पार भिंतीपर्यंत." तिने घराकडे बोट दाखवलं. "जर्दाळूखालच्या घेवड्याला फक्त माझ्या हातचं मिळालं. पाणी तिथे चढत नाही, मी बादलीने घालते."

तिने झारलिककडे पाहिलं. मला वाटलं, आता ही माफी मागेल आणि पाठ फिरवून घरी जाईल, तिचा स्वभावच तसा. पण ती बोलायलाच लागली, आणि आवाज तिचा वाटत नव्हता.

"बैके," तिने त्याला थोरल्या भावाची हाक मारली, "मी तुमच्यावर विषाचा आळ घेतला. चार लोकांत घेतला, चार लोकांत मागे घेते. तुम्ही गप्प का बसलात? मला शिव्या का नाही दिल्यात?"

"मला वाटलं मीच मारलं," झारलिक म्हणाला.

"मलाही वाटलं मीच मारलं," ती म्हणाली, "म्हणून तर एवढ्या जोराने तुमचं नाव घेतलं." आणि भर उन्हात, सगळ्यांसमोर, कनिशाय रडायला लागली. रुमालाचं टोक तोंडात कोंबून, लहान मुलीसारखी. दोन वर्षांचं साचलेलं होतं ते. कुणी जवळ जायला धजेना. शेवटी मीच गेले आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

"शेत गेलं का सगळं, एजे?" तिने हुंदक्यातून विचारलं.

"निम्मं वाचेल. बोरॉन पाण्याबरोबर खाली जातं, आणि तुझ्या गोट्याच्या जमिनीतून तर झरझर जातं. तीन-चार वेळा काठोकाठ पाणी द्यायला हवं, लागोपाठ. त्याबरोबर नत्रही वाहून जाईल, ते आपण मागून देऊ. पण इतकं पाणी तुझ्या एका पाळीत बसत नाही. दुसऱ्यांच्या पाळ्या लागतील."

 मी तिच्या खांद्यावर हात ठेवून होते, मला कळत होतं तिच्या आत काय चाललंय ते. पिठाचं पोतं परत टांगणाऱ्या बाईला आता गावातल्या बेचाळीस घरांकडे पाणी मागायचं होतं. तिने डोळे पुसले, मान वर केली.

"मी आशार बोलावते," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण ऐकलं सगळ्यांनी. "ज्याला जमेल त्याने या. पाणी हवंय मला."

अतांनी फावडं उचललं आणि काही न बोलता झारलिकच्या हातात दिलं. मग स्वतः उठले, गुडघे धरत धरत. "आजची पाळी माझी आहे," ते म्हणाले. "घेऊन जा."

"उद्याची माझी," मागून कुणीतरी ओरडलं. "परवाची आमची दोघांची," दुसरं कुणी. मेलिस तर पाळी नसतानाही हात वर करून उभा होता, त्याला त्याच्या आईने गप्प केलं.

अर्ध्या तासात निम्मं गाव फावडी घेऊन कनिशायच्या बांधावर हजर. झारलिक फळीपाशी जाऊन थांबला. फळी त्याने बावीस वर्षं उचललेली, पण आज हात लावेना. तो कनिशायकडे बघत होता.

"उचला, बैके," ती म्हणाली. "आणि उद्याही तुम्हीच या."

त्याने फळी उचलली. पाणी फेसाळत आत शिरलं. मी चपला काढून सरीत उतरले, दारं धरायला, म्हणजे पाणी एकेका सरीत वळवायला, आणि कनिशाय माझ्या शेजारच्या सरीत उतरली. पाणी डोंगरावरून आलेलं, गारठून टाकणारं होतं. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत त्यात उभ्या होतो.